ताऱ्याचे पाचवे टोक

पाश्चात्त्य विधियुक्त जादूविद्येवर मराठीत अधूनमधून लिहिले जाते आणि बहुतेक वेळा गाडी पाचव्या तत्त्वापाशी अडते. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वे तिकडेही आहेत. मग पाचवे ‘स्पिरिट’ म्हणजे आपले आकाशच, असे सांगून लेखक पुढे निघून जातात. या ‘आपलेच ते’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण जुने आहे. चार तत्त्वांचा तोल साधला की त्यांच्यावर जे राज्य करू लागते ते स्पिरिट, असे मी तरुणपणापासून मांडत आलो आहे. त्याला चारांच्या रांगेत पाचवा पाट मांडून बसवले की ती सगळी साधनाच हातून निसटते.

एम्पेडोक्लीसची चार मुळे आणि ॲरिस्टॉटलचा पाचवा ईथर हे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत. ॲरिस्टॉटलने ईथर चंद्राच्या वरच्या प्रदेशात ठेवला. तो खाली माणसाच्या हातात आणायची खटपट किमयागारांनी केली. चौदाव्या शतकाच्या मध्यावर रुपेस्किसाचा योहान हा फ्रान्सिस्कन साधू मद्याचे पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून उरणाऱ्या अर्काला पाचवे सत्त्व म्हणत होता. पुढे 1489 मध्ये फिचिनोने विश्वाचा देह आणि विश्वाचा आत्मा यांना जोडणारा एक सूक्ष्म ‘स्पिरिटस’ कल्पिला. अग्रिपाने 1533 च्या आपल्या त्रिखंडी ग्रंथात तोच पाचव्या सत्त्वाच्या जागी बसवला. नंतरची तीनशे वर्षे मुख्यतः नकलांची. फ्रान्सिस बॅरेटचा 1801 चा ग्रंथ म्हणजे बव्हंशी अग्रिपाचीच नक्कल. एलिफास लेवीचे नाव मात्र घेतलेच पाहिजे. 1850 नंतरच्या दशकात त्याने पंचकोणी तारा हे चार तत्त्वांवर चालणाऱ्या आत्म्याच्या सत्तेचे चिन्ह ठरवले. ‘सत्ता’ हा विचार तिथे स्पष्ट झाला, पण त्याचा रीतसर विधी लेवीने बांधला नाही. तो बांधला 1888 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ने.

वेस्टकॉट, मेदर्स आणि वुडमन या तिघांनी उभ्या केलेल्या या संस्थेबद्दल पुष्कळ चटपटीत लिहिले जाते. सांकेतिक लिपीतली हस्तलिखिते खरी की बनावट, कोण कोणाशी भांडले, सभासद क्रौलीने काय केले, यांतच लेख संपतात. मला तिच्या अभ्यासक्रमाची रचना महत्त्वाची वाटते. प्रवेशदीक्षेनंतर साधक चार पायऱ्या चढतो: पृथ्वीची, मग वायूची, जलाची आणि अग्नीची. प्रत्येक तत्त्वाची देवनामे, चिन्हे, दिशा आणि दोष तो एकेक करून पचवतो. त्यानंतर ‘पोर्टल’ नावाचा उंबरठा येतो आणि तिथे स्पिरिटची गाठ पडते. आतल्या वर्तुळाचे दार त्याच्या पलीकडे आहे. चार पचवल्याशिवाय पाचवे नाही, हा नियम दीक्षेच्या क्रमातच घालून दिलेला आहे.

पोर्टलच्या वेदीवर चार ओळींची, प्रत्येक ओळीत पाच अक्षरांची एक पाटी असते. तिला ऐक्याची पाटी म्हणतात. एक्झार्प, ह्कोमा, नांता, बितोम अशी तिच्यावरची चार नावे अनुक्रमे वायू, जल, पृथ्वी आणि अग्नीची. ही अक्षरे मुळात जॉन डी आणि एडवर्ड केली या इंग्रज जादूविद्यावंतांकडची. 1584 च्या उन्हाळ्यात क्राकावमध्ये केलीने स्फटिकात पाहिले आणि डीने लिहून घेतले. त्यातून चार मोठ्या तक्त्यांचा एक महातक्ता झाला. ते चार तक्ते मधल्या काळ्या क्रुसाने सांधलेले आहेत. गोल्डन डॉनने त्या क्रुसावरची अक्षरे उचलून ही पाटी केली. म्हणजे चार तक्त्यांच्या मधला सांधा हेच स्पिरिटचे घर. पाटीतला पहिला उभा स्तंभ, म्हणजे चारही नावांची आद्याक्षरे, स्पिरिटकडे जातो. त्याला स्वतःची वेगळी ओळ नाही. प्रत्येक ओळीच्या अग्रभागी मात्र तेच उभे आहे. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला मिळालेला नाही.

दुसरा साक्षीदार प्रत्यक्ष तारा. वरचे टोक स्पिरिटचे, वर डावीकडे वायू, उजवीकडे जल, खाली डावीकडे पृथ्वी आणि उजवीकडे अग्नी. अग्नीला बोलवायचे तर रेघ स्पिरिटपासून अग्नीकडे ओढतात, पृथ्वीला बोलवायचे तर स्पिरिटपासून पृथ्वीकडे. खुद्द स्पिरिटला बोलवताना पहिली रेघ त्याच्या टोकाला लागतही नाही. सक्रिय स्पिरिटसाठी अग्नीकडून वायूकडे जायचे, निष्क्रियासाठी पृथ्वीकडून जलाकडे. दोन सक्रिय तत्त्वांचा तोल किंवा दोन निष्क्रिय तत्त्वांचा तोल, हेच त्याचे आवाहन. मधोमध आठ आऱ्यांचे चाक काढतात. सक्रियासाठी ‘एहेये’ आणि निष्क्रियासाठी ‘आग्ला’ हे नाव उच्चारतात. मोठ्या विधीत चारही दिशांना आधी हा तोलाचा तारा काढायचा आणि मगच त्या दिशेच्या तत्त्वाचा. राजाची मोहोर उमटल्यावर सुभेदाराने दरबारात यावे, तसा हा रिवाज आहे.

आयुधांचेही तेच. अग्नीचा दंड, जलाचा प्याला, वायूची कट्यार आणि पृथ्वीची चकती ही चार आयुधे साधकाने स्वतःच्या हाताने घडवायची, रंगवायची. त्या संचात स्पिरिटचे पाचवे आयुध नाही. हिब्रू नामविद्याही हेच सांगते. रॉयखलीन या जर्मन पंडिताने 1494 मध्ये देवाच्या चार अक्षरी नामाच्या ऐन मध्यावर ‘शीन’ हे अक्षर ठेवले, आणि जे नाम उच्चारता येत नव्हते ते उच्चारता येऊ लागले. शेपटाला जोडलेल्या पाचव्या अक्षराने ते साधले नसते. गोल्डन डॉनने हाच ‘शीन’ ताऱ्याच्या वरच्या टोकाला दिला.

आता आकाशाकडे वळतो. स्पिरिटशी त्याचा दुवा आहे आणि तो खरा आहे. तो नाकारणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या विद्वानांशीही माझे पटत नाही. थिऑसॉफीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कट 1879 मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक मुंबईतून सुरू झाले. 1882 च्या अखेरीस बिऱ्हाड अड्यारला गेले. याच थिऑसॉफीच्या वर्तुळातल्या राम प्रसाद यांचा श्वासाच्या स्वरशास्त्रावरचा इंग्रजी ग्रंथ 1890 मध्ये आला. त्याचा आधार ‘शिवस्वरोदय’ हा संस्कृत ग्रंथ. गोल्डन डॉनने राम प्रसादांच्या ग्रंथातून पृथ्वीचा पिवळा चौकोन, जलाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा तांबडा त्रिकोण, वायूचे निळे वर्तुळ आणि आकाशाचे काळसर जांभळे अंडाकृती चिन्ह घेतले. एका चिन्हात दुसरे छोटे चिन्ह बसवून 25 पत्ते तयार केले. पत्त्याकडे टक लावून पाहायचे, मग मनाने त्याच्या आत शिरायचे. 1890 मध्ये संस्थेत आलेल्या कवी येट्सनेही मेदर्सच्या हातून चिन्हाचा पत्ता घेऊन दर्शनाचा अनुभव घेतला होता.

पण चिन्ह उचलले म्हणून तत्त्वाची जागा तीच राहिली असे होत नाही. राम प्रसादांच्या गणितात प्रत्येक तत्त्व श्वासात 24 मिनिटे वाहते, पाचांचा फेरा दोन तासांत पुरा होतो आणि आकाश इतर चारांप्रमाणे आपल्या पाळीची वाट पाहते. उपनिषदातला उत्पत्तिक्रमही आपण जाणतो: आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू. तिथे आकाश थोरले भावंड आहे, पण ते भूतच, आणि आत्मा त्याच्याही आधी. ताऱ्याच्या माथ्यावर बसलेले स्पिरिट या आत्म्याच्या जास्त जवळचे आहे. ‘शिवस्वरोदय’ आकाशतत्त्व वाहत असताना कोणतेही व्यावहारिक काम करू नका, मोक्षाच्या चिंतनाला बसा, असे सांगतो. म्हणजे त्याचे वेगळेपण आपल्याकडेही ओळखले होते. लंडनकरांनी ते वेगळेपण उचलले आणि एका वेगळ्या राज्यव्यवस्थेत बसवले. दोन परंपरांची ही खरी भेट आहे. तिला चोरी म्हणणे किंवा योगायोग म्हणणे, दोन्ही आळशीपणाचे आहे.

पुढच्या काळाचे थोडक्यात सांगतो. इस्रायल रिगार्डीने 1937 ते 1940 या काळात चार खंडांत गोल्डन डॉनची ही कागदपत्रे छापली आणि गुप्ततेच्या शपथा मोडल्याचा ठपका सोसला. ते खंड नसते तर आज आपल्या हाती फारच थोडे असते. फ्रांत्स बार्डोनने 1956 च्या आपल्या ग्रंथात ‘आकाश’ हाच शब्द घेतला, पण चार तत्त्वांचा समतोल ही पहिली अट कसोशीने सांभाळली. म्हणून मी त्याला या परंपरेचा सच्चा वारस मानतो.

आमच्या पिढीला ही पुस्तके फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर, कव्हर निखळलेल्या अवस्थेत मिळायची. एकाकडे खंड असला की बाकीचे हाताने नकलून घेत. इराण्याकडे चहा घेता घेता ताऱ्याची कोणती रेघ कुठून निघते यावर तासन्‌तास वाद चालत. आवाज वाढत आणि शेवटी कागद-पेन्सिल पुढे येई. त्या नकलण्याने बोटांना क्रम पाठ झाला. आज सगळे ग्रंथ फोनवर आहेत, आणि तरीही पहिला प्रश्न येतो तो स्पिरिटसाठी मेणबत्ती जांभळी लावायची की पांढरी. आठवड्याअखेरच्या शिबिरांत पहिल्याच दिवशी ‘पाचव्या तत्त्वाशी जोडून’ देतात. पृथ्वीची पायरी कोणालाच नको, कारण तिथे शिस्त, देह आणि घरखर्च यांचा हिशेब द्यावा लागतो. मला याचे मनापासून दुःख होते. ही विद्या खोटी ठरली असती तर मी तिला सोडून दिले असते. ती उथळ केली जाते आहे, हे मला सोसवत नाही.

म्हणून एक काम सुचवतो आणि ते आपल्यालाच नीट करता येईल. रिगार्डीच्या खंडांतला पोर्टलचा विधी आणि ‘शिवस्वरोदय’चा तत्त्वविचार यांची साक्षेपी, सटीप मराठी आवृत्ती एकाच पुस्तकात, समोरासमोरच्या पानांवर निघावी. संस्कृत जाणणारा एक, हिब्रू अक्षरे जाणणारा एक आणि चित्रे अचूक काढणारा एक, एवढी माणसे पुरेत. तसे पुस्तक हाती आले तर तरुण वाचकाला आकाश आणि स्पिरिट कुठे भेटतात, कुठे वेगळे होतात, हे ठरवायला माझ्यासारख्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. या कामाला कोणी पुढे येणार असेल तर माझ्या सगळ्या टिपणवह्या आणि तक्ते त्याच्या स्वाधीन करायला मी आजच तयार आहे.