नदीच्या सोबतीने, नदीला आडवं
लेखमाला : सायकलच्या वाटा – शहापूर आणि मुरबाड

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा नकाशा पुढ्यात घ्या आणि रस्ते शोधण्याआधी नद्या शोधा. वैतरणा, तानसा, भातसा, शाई, काळू, बारवी. एकूणएक नद्या सह्याद्रीकडून निघतात आणि पश्चिमेला उतरतात. दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात डोंगराच्या सोंडा आहेत, त्याही पश्चिमेकडे उतरत जातात. सायकलवाल्याला या भागात पडणारे बहुतेक प्रश्न एवढ्यावरून सुटतात. इथे घाट चढला नाही तरी मांड्या का भरून येतात, तर ते या सोंडांमुळे.

पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता नदीच्या सोबतीने चालतो. डोंगराकडे जाताना तो इतका हळूहळू चढतो की चढ आहे हे येताना, पेडल न मारता सायकल पळायला लागली की कळतं. दक्षिणोत्तर रस्ता मात्र प्रत्येक सोंड ओलांडतो, प्रत्येक ओढ्यात उतरतो आणि पुन्हा वर येतो. किन्हवलीहून सरळगावला निघालात तर असा रस्ता मिळतो. खिंडीसारखा एक उंचवटा, खाली भाताची खाचरं, ओढा, फरशी, समोर पुन्हा उंचवटा, आणि मध्ये कुठेतरी काळूचं रुंद पात्र.

भूमध्य समुद्राकाठच्या सायकलस्वारांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. इटलीच्या लिगुरिया प्रांतात डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक भूशिर चढून पलीकडच्या उपसागरात उतरतो. 1907 पासून चालत आलेली मिलान–सान रेमो ही शर्यत जवळजवळ 300 किलोमीटरची आहे. तिच्या शेवटच्या टप्प्यात कापो मेले, कापो चेर्वो आणि कापो बेर्ता अशी तीन भूशिरं एकामागून एक येतात. त्यातलं एकही फार उंच नाही, तरीही तिथे भले भले मागे पडतात. तिथे सोंड समुद्राला भिडते, आपल्याकडे भातखाचरांना भिडते, एवढाच काय तो फरक.

हिशोब करून बघू. एका ओढ्यात तीसेक मीटर उतरून तेवढंच चढायचं, आणि असे दहा ओढे वाटेत आले, तर बेरीज 300 मीटर होते. कसाऱ्याहून इगतपुरीला थळघाटातून जाताना रेल्वेसुद्धा साधारण तेवढीच चढते, आणि त्यासाठी मालगाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात, कारण चढ 37ला 1 आहे. म्हणजे नकाशावर घाटाचं नावही नसताना तुम्ही एक अख्खा थळघाट चढलेला असता. त्यात घाटाला निदान एक लय सापडते. ओढ्यांच्या रस्त्यावर दर पाच-दहा मिनिटांनी ती मोडते.

आता शांततेकडे वळू. रस्ता शांत का राहतो? माझं उत्तर असं की, तो कुणाचा जवळचा रस्ता नसतो म्हणून. या दोन तालुक्यांतून माल देशावर चढतो तो मुख्यतः कसाऱ्याने आणि माळशेजने. मुंबई–आग्रा महामार्ग आणि कल्याण–मुरबाड–माळशेज हे दोन रस्ते ती सगळी वाहतूक ओढून घेतात. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसारा टाळायची सोय झाली. त्या रस्त्यावर सायकलला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. मोठा रस्ता आत सरकला की जुन्याला श्वास मिळतो. लिगुरियात एकेरी रेल्वेमार्ग किनाऱ्यावरून डोंगराच्या आत नेला, तेव्हा मोकळ्या झालेल्या जुन्या मार्गावर 24 किलोमीटरची सायकलवाट झाली.

आपल्याकडे अशी तयार वाट नाही, पण शेवट असलेले रस्ते भरपूर आहेत. सह्याद्रीच्या कड्यापाशी जाऊन संपणारे. म्हशाच्या पूर्वेला गोरखगडाखालचं देहरी आहे, आजोबाच्या डोंगराखालचं डेहणे आहे, चोंढे आहे. चोंढ्याला घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे. मागणी कमी असताना इथलं पाणी वर घाटघरला चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज करायची, असा तो प्रकल्प. या गावांकडे गावात काम असलेलाच माणूस जातो. दूधवाला, शिक्षक, भरून चाललेली जीप, एसटी.

एसटीवरून आठवलं. रात्री मुक्कामी गाडी जाते तो रस्ता सायकलला चालतो, हा माझा जुना ठोकताळा आहे. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे आगार आहे. गाडी कुठल्या गावात मुक्कामाला असते हे चौकशीच्या खिडकीवर विचारावं. मोबाइलवरच्या नकाशात डांबर आणि खडी एकाच रेषेने काढलेली असते, ड्रायव्हर-कंडक्टरला फरक माहीत असतो.

या आठवड्यासाठी माझी शिफारस शहापूर–किन्हवली–डोळखांब–डेहणे. आसनगावला उतरा, उजाडायच्या आत शहापूर मागे टाका, भातसा ओलांडा. किन्हवलीपर्यंत वाहतूक असते, डोळखांबच्या वाटेला लागलात की विरळ होते. समोर आजोबाचा कडा असतो आणि उन्ह त्याच्या मागून येतं, त्यामुळे खालच्या गावांत बराच वेळ सावली राहते. डोळखांबपर्यंत चाकं अलगद चढतात. पुढे डोंगराच्या कुशीत शिरलात की ओढे आडवे यायला लागतात.

ओढ्याची फरशी नीट बघून घ्या. उताराच्या तळाशी, जिथे वेग सगळ्यात जास्त असतो, तिथेच डांबर संपून काँक्रीट सुरू होतं, आणि त्या सांध्यावर हमखास खाच असते. पुराने आणलेली बारीक वाळू कडेला साचते. बारमाही ओल असेल तर शेवाळ. ब्रेक उतारावर असतानाच लावून घ्या, फरशीवर हँडल सरळ ठेवा, ब्रेकला हात लावू नका. आणि गिअर फरशीच्या आधी हलका करा. चढ लागल्यावर, पेडलवर जोर असताना गिअर बदलायला गेलं की चेन कुरकुरते, उतरतेसुद्धा. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोटाभर वाटलं तरी ओलांडू नका. कड्यावर पाऊस कोसळला की इथे कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो.

ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. आधी भातकापणी असते, रस्त्याकडेला भारे आणि पेंढा असतो. पुढे पळस फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात आणि ठाकर, कातकरी, कोळी महादेव बाया-मुलं पहाटे अंधारातच वेचायला निघतात. तेव्हा वळणावर घंटी वाजवत, सावकाश जा. तिन्हीसांजेनंतर मात्र या वाटांवर राहू नये. 2009 मध्ये माळशेजला सोडलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला आजोबा नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. रात्री हा मुलूख कुणाचा असतो ते त्याच्या वाटेवरून कळतं.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. शहापूर तालुक्यातून मुंबईची तहान भागते. एकट्या भातशातून शहराला निम्म्याच्या आसपास पाणी जातं, तानसा तर 1892 पासून देत आहे. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि बाया दोर-कळशी घेऊन ते पाणी उपसतात. विहिरीच्या कडेला हंड्यांची रांग लागलेली असते आणि कुठला हंडा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा पाड्यावर सायकलवरून घामाघूम माणूस आला तर त्याला पाणी नाही म्हणणारं कुणी भेटणार नाही. म्हणूनच मागू नका. घरून तीन बाटल्या भरून न्या, किन्हवली किंवा डोळखांबच्या दुकानात पुन्हा भरा, चहा तिथेच प्या, पैसे तिथे खर्च करा.

म्हशाकडे जाणार असाल तर पौष पौर्णिमेच्या पुढेमागे सायकलचा बेत ठेवू नका. खांबलिंगेश्वराच्या जत्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकानं लागतात, आणि रस्ता पूर्णपणे गुराढोरांचा आणि माणसांचा असतो. तेव्हा पायी जावं. देहरीची वाट आणि टोकावड्याहून नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता पुढच्या आठवड्यात पाहू.