पायाचा खेळ, हाताचे गुण

अमेरिकन फुटबॉलचा सामना टीव्हीवर प्रथमच पाहणाऱ्याला आधी प्रश्न पडतो, याला फुटबॉल का म्हणायचे? चेंडू लांबोडका, आणि बहुतेक वेळ तो हातात नाहीतर बगलेत. खेळाडू तो घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपर्यंत पोचला की सहा गुण. त्याला म्हणतात ‘टचडाउन’, म्हणजे खाली टेकवणे. पण टेकवतो कोण? हातातला चेंडू रेषेवरच्या हवेत शिरला तरी पुरे! शब्दांशीच रोजचा व्यवहार असलेला माझ्यासारखा माणूस अशा जागी अडतो.

याचे मूळ इंग्लंडच्या रग्बीत आहे. तिथे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवावाच लागतो. एकोणिसाव्या शतकात मात्र नुसत्या टेकवण्याला किंमत नव्हती. त्यातून मिळे तो फक्त गोलखांबांकडे किक मारून पाहण्याचा हक्क. बघा प्रयत्न करून, म्हणून त्याचे नाव ‘ट्राय’. किक साधली की ट्रायचा गोल झाला, म्हणून ते ‘कन्व्हर्जन’. 1871 साली एडिंबरात इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तो स्कॉटलंडने जिंकला एकुलत्या एका गोलाच्या जोरावर.

हाच खेळ अमेरिकी कॉलेजांत रुजला आणि बदलला. 1883 मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने गुणांची आकडेवारी ठरली. टचडाउनला 2, त्यानंतरच्या किकला 4 आणि ‘फील्ड गोल’ला 5. फील्ड गोल म्हणजे टचडाउनविना, चालू खेळातून थेट मारलेला गोल. म्हणजे पाय अजून राजा होता. पण पुढच्याच वर्षी टचडाउन 4 वर गेले आणि त्यानंतरची किक 2 वर आली. 1909 मध्ये फील्ड गोलचे 3 गुण झाले, 1912 मध्ये टचडाउनचे 6. अवघ्या तीस वर्षांत हाताने पायाला मागे टाकले. ज्या किकसाठी एवढा खटाटोप, तिचा आता एकच गुण. तळटीप वर आली आणि मूळ मजकूर खाली गेला, म्हणा ना! नियमपुस्तकात मात्र त्या जादा संधीचे नाव आजही ‘ट्राय’च आहे.

मला सर्वांत आवडतो तो ‘सेफ्टी’ हा शब्द. आपल्याच गोलरेषेजवळ कोंडीत सापडलेला संघ चेंडू रेषेमागे नेऊन स्वतःच टेकवी आणि सुटका करून घेई. गुण जात नसत, म्हणून ते सुरक्षित. ही पळवाट फार वापरात आली, तेव्हा तिच्यावर दंड बसला. 1883 मध्ये प्रतिस्पर्ध्याला 1 गुण मिळे, आता 2 मिळतात.

फेब्रुवारी 2014 च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग सहकाऱ्यांना सूचना देत पुढे सरकला होता. तेवढ्यात मधल्या खेळाडूने मागे दिलेला चेंडू त्याच्या बाजूने निसटला आणि डेन्व्हरच्याच गोलरेषेमागे गेला. सामना सुरू होऊन बारा सेकंद झाली होती. सिअॅटलला दोन गुण मिळाले, पुढे त्यांनी सामना 43-8 असा जिंकला. डेन्व्हरवर कोसळलेल्या त्या पहिल्या संकटाची नोंद झाली, ‘सेफ्टी’.