चित्र आणि पडदा यांचा मेळ

संगणकाच्या पडद्यावर हलणारे दृश्य म्हणजे वस्तुतः झपाट्याने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. सामान्य पडदा सेकंदास ६० चित्रे दाखवितो. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. चित्र एकदम उमटत नाही. ते वरून खाली ओळीओळीने रेखिले जाते, आणि शेवटची ओळ संपल्यावर पुन्हा वरून आरंभ होण्यापूर्वी अल्पसा विराम असतो.

चित्र रचणारे यंत्र मात्र या तालाने बांधलेले नसते. साधे दृश्य लवकर पुरे होते, गुंतागुंतीच्या दृश्यास अधिक वेळ लागतो. पडदा अर्ध्यावर आला असतानाच स्मृतीतील चित्र बदलले, तर वर जुने आणि खाली नवे चित्र दिसते. अशा वेळी बाजूला सरकणारा खांब मध्येच तुटल्यासारखा भासतो. या दोषास 'चित्र फाटणे' असे म्हणता येईल.

अमेरिकेत १९७७ साली निघालेल्या व पुढे 'अटारी २६००' या नावाने प्रसिद्ध झालेल्या खेळयंत्रात स्मृती अवघी १२८ बाइट होती. तीत संपूर्ण चित्र मावणे अशक्य होते. म्हणून दूरचित्रवाणीचा किरण ज्या ओळीवर येई, ती ओळ त्याच वेळी रचावी लागे. आणि एका ओळीच्या अवधीत यंत्राच्या घड्याळाचे केवळ ७६ ठोके पडत. खेळाचे बहुतेक हिशेब विरामातच उरकावे लागत.

पुढे स्मृती स्वस्त झाली आणि दोन चित्रफलकांची योजना रूढ झाली. एक फलक पडद्यावर दाखविला जातो, त्याच वेळी दुसऱ्यावर नवे चित्र रचले जाते. ते पूर्ण झाले म्हणजे विरामात दोहोंची अदलाबदल होते. त्यामुळे चित्र फाटत नाही; परंतु नवी अडचण उभी राहते. रचनेस १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर गाडी चुकलेल्या प्रवाशाप्रमाणे त्या चित्रास पुढील विरामापर्यंत थांबावे लागते. दर वेळी असेच घडल्यास सेकंदास ६० ऐवजी ३० चित्रेच दिसतात, आणि कळ दाबल्याचा परिणामही उशिरा दिसतो.

यावरील उपाय म्हणजे पडद्यानेच चित्रासाठी थांबणे. एनव्हिडिया कंपनीने २०१३ मध्ये अशी पद्धती जाहीर केली. २०१४ मध्ये व्हेसा या मानक-संस्थेने 'अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक' हे मानक प्रसिद्ध केले. अशा पडद्याचा विराम ठराविक मर्यादेत लांबविता येतो, आणि चित्र तयार होताच नवे रेखन सुरू होते. मर्यादा ओलांडली, तर मात्र जुनेच चित्र पुन्हा दाखवावे लागते. केवळ वेग वाढविल्याने गती सुरळीत दिसत नाही. त्यासाठी दोन्ही यंत्रांचा ताल जुळावा लागतो.