ॲडमिरल नंदा : बंदरातून बंदराकडे

ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांचे नाव निघाले की ४ डिसेंबर १९७१ ची रात्र आठवते. त्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि पुढे तो दिवस ‘नौदल दिन’ ठरला. निवृत्तीनंतर मात्र नंदांनी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे अध्यक्षपद सांभाळले, हे सहसा कोणी सांगत नाही. युद्धनौकांचा सेनापती मालवाहू जहाजांचा कारभारी झाला. हा बदल वाटतो तेवढा मोठा नव्हता.

नंदांचे बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोऱ्यात गेले. नौदलात येण्यापूर्वी ते कराची पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीला होते. समुद्र त्यांनी आधी पाहिला तो मालाची चढउतार होते ती जागा म्हणून. १९५७ मध्ये ‘म्हैसूर’ ही क्रूझर भारतीय नौदलात आली, तिचे ते पहिले कप्तान. साठच्या दशकाच्या आरंभी ते मुंबईत माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालक झाले. सरकारने ही गोदी १९६० साली ताब्यात घेतली होती. तिथेच बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, तेव्हा नंदा नौदलप्रमुख होते.

१९७१ च्या बेतातही बंदराची ही जाण दिसते. क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला कमी. त्या घेतल्या होत्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी. नंदांच्या नौदलाने त्या मोठ्या जहाजांच्या साथीने कराचीपर्यंत नेल्या. ८ डिसेंबरच्या दुसऱ्या हल्ल्यात किमारीच्या तेलटाक्या पेटल्या. मग परदेशी व्यापारी जहाजे कराचीतून निघण्यासाठी भारताकडे सुरक्षित वाट मागू लागली. धक्के शाबूत असले, तरी जहाजे यायला धजावत नसतील तर बंदर बंदच पडते.

शिपिंग कॉर्पोरेशन २ ऑक्टोबर १९६१ रोजी ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. चंद्रिका प्रसाद श्रीवास्तवांनी ती वाढवली. नंदा आले तो काळ कठीण होता. १९७३ च्या अखेरीस तेल महागले. सुएझ कालवा १९६७ पासून बंद होता, तो जून १९७५ मध्ये उघडला. तोवर युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालत. दिवस वाढत, इंधन वाढे.

आपल्याकडे आरमाराचा इतिहास एका पुस्तकात आणि जहाजवाहतुकीचा दुसऱ्यात असतो. नंदांचे चरित्र त्या दोहोंत अर्धे-अर्धे सापडते. ते पूर्ण वाचायचे, तर दोन्ही पुस्तके शेजारी उघडून बसावे लागते.