सूर्याचा वारा आणि घरातली खिडकी

मे २०२४ मधली गोष्ट. ‘पृथ्वीवर सौरवादळ’ अशी बातमी टीव्हीवर लागली आणि माझी सहा वर्षांची नात घाटकोपरच्या आमच्या घराच्या खिडक्या लावू लागली. “नाना, वादळ येतंय, कपडे आत घ्या!”

हसू आलं, पण तिची भीती खरी होती. ‘काही होत नाही’ एवढ्यानं लहान मुलांचं समाधान होत नाही. मी तिला जवळ बसवलं.

सूर्यातून सतत अतिसूक्ष्म कण बाहेर पडत असतात. तो सौरवारा. हे कण म्हणजे अणूचे तुकडे, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं निघाले, तरी पंधरा कोटी किलोमीटर पार करायला त्यांना चारेक दिवस लागतात. “मग हा वारा अंगाला लागत का नाही?” मी तिच्या हातावर सापशिडीचा फासा ठेवला. पृथ्वीजवळ एवढ्या जागेत ते कण एरवी जेमतेम पाच-दहा असतात. वादळात सूर्य एकदम पुष्कळ कण फेकतो.

“ते घरात येतील?” तिला स्टेशन आठवायला सांगितलं. लोकलमधून उतरलेली गर्दी खांबापाशी दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी पुढे जाते. पृथ्वीभोवतीचं चुंबकत्व म्हणजे तो खांब. बहुतेक कण वळसा घालून जातात. जे आत शिरतात त्यांना वरची हवा अडवते आणि तिथं आकाश उजळतं. हे रंग एरवी ध्रुवांकडे दिसतात. त्या मे महिन्यात लडाखमधल्या हानलेचं आकाशही लाल झालं.

आपल्या मुंबईला हे नवं नाही. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांनी केली. अभ्यासक ती आजही तपासतात. तेव्हा युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, रस्त्यावरच्या माणसांना मात्र त्या कणांनी इजा केली नाही. पुढे विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून मुंबईतलं हे काम १९०४ मध्ये अलिबागला गेलं. जानेवारी २०२४ मध्ये आपलं ‘आदित्य-एल१’ यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर पोचलं. तिथून ते हे कण मोजतं.

“म्हणजे वादळ खरं आहे?”

“खरं आहे. उपग्रहांना, विजेच्या तारांना त्याचा त्रास होतो. तुला नाही.”

तिनं खिडक्या उघडल्या. एक मात्र बंदच ठेवली. मीही आग्रह केला नाही.