मिळून वाचलेला मार्क्स

महाराष्ट्रातल्या डाव्या चळवळीचा इतिहास सांगायचा म्हटलं की संप, मोर्चे, तुरुंगवास आणि पक्षफुटी यांचीच जंत्री पुढे येते. अभ्यासवर्ग मात्र तळटीपेत जातो. आठ-दहा माणसं, एक पुस्तक, त्यातलं ठरवून घेतलेलं प्रकरण, एकानं करायची मांडणी आणि मग शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत चाललेली चर्चा, एवढंच त्याचं रूप. पण या राज्यात मार्क्सवाद रुजला, वाकला आणि काही ठिकाणी खरोखर नवा झाला तो याच बैठकांमधून, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात पुस्तकांच्या टंचाईपासून होते. 1921 साली श्रीपाद अमृत डांगे यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली तेव्हा ते विशी नुकतीच ओलांडलेले तरुण होते आणि मार्क्स-लेनिनचं मूळ लिखाण मुंबईत सहजासहजी हाती लागत नव्हतं. पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास लोटवाला यांनी या तरुणांना पैशाची मदत केली, पुस्तकं मिळवून दिली. पुढच्याच वर्षी डांग्यांचं ‘सोशालिस्ट’ साप्ताहिक निघालं. हाती येईल ते वाचायचं, आपसात भांडायचं आणि लगेच छापायचं, अशी ती पहिली पिढी.

1928 च्या गिरणी संपानं ही चर्चा गिरणगावात नेली. संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कामगारांच्या वर्गात घेण्यासाठी मार्क्सची दोन छोटी पुस्तकं जगभर वापरली गेली. ‘मजुरी-श्रम आणि भांडवल’ हे मुळात 1847 च्या अखेरीस ब्रुसेल्समधल्या जर्मन कामगारांपुढे दिलेली व्याख्यानं. ‘मूल्य, किंमत आणि नफा’ हे 1865 च्या जूनमध्ये लंडनला पहिल्या इंटरनॅशनलच्या सर्वसाधारण समितीपुढे केलेलं भाषण. जॉन वेस्टन नावाच्या सुतारकाम करणाऱ्या सभासदानं मुद्दा काढला होता की मजुरीवाढीसाठी लढून उपयोग नाही, कारण भाव वाढून ती वाढ परत जाते. त्याला दिलेलं ते उत्तर. म्हणजे ही पुस्तकंच मुळी गटातल्या वादातून जन्माला आलेली. त्यातलं उदाहरणही सूत कातणाऱ्या कामगाराचं आहे: दिवस बारा तासांचा, मजुरी तीन शिलिंग, आणि त्या तीन शिलिंगांइतकं मूल्य तो पहिल्या सहा तासांतच तयार करतो. उरलेले सहा तास कोणासाठी? साच्यावर आणि चात्यांवर उभं राहून पाय भरून आलेल्या माणसाला वरकड मूल्य समजायला याहून जास्त प्रस्तावना लागत नाही. परळ-लालबागच्या चाळींत हे गणित शिलिंगऐवजी आणे-रुपयांत मांडलं की झालं.

20 मार्च 1929 ला मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली. आरोपींत डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर होते. बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतलेले गंगाधर अधिकारी होते. आणि आळवे, कसले हे गिरणीत काम केलेले कामगार पुढारीही होते. जवळजवळ चार वर्षं चाललेल्या त्या खटल्यात सरकारी पक्षानं जप्त पुस्तकांचे ढीग पुरावा म्हणून मांडले आणि आरोपींनी आपली निवेदनं सविस्तर वैचारिक मांडणीसारखी केली. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा अधिकारी यांनी केलेला मराठी अनुवाद त्याच सुमाराचा.

तिकडे नाशिक रोडच्या तुरुंगात 1932-33 मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे यांच्या चर्चा चालल्या होत्या. सविनय कायदेभंगातून आत आलेली ही मंडळी. बाहेर पडल्यावर 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, त्याचा पाया या चर्चांत होता.

चाळीसच्या दशकातला एक गट मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची आठवण फारशी निघत नाही. 1942 च्या लढ्याबाबत कम्युनिस्ट पक्षाच्या भूमिकेशी मतभेद झालेले एस. के. लिमये, यशवंत चव्हाण आणि त्यांचे सहकारी नवजीवन संघटना म्हणून एकत्र आले. पुढे ते शेतकरी कामगार पक्षात गेले. जेधे-मोरे यांच्या ब्राह्मणेतर परंपरेतून आलेल्या या पक्षानं 1950 साली दाभाडीच्या अधिवेशनात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. सत्यशोधकी वारसा सांगणारा, शेतकऱ्यांत पाय असलेला पक्ष असा प्रबंध मंजूर करतो, ही घटना देशात वेगळीच म्हणायला हवी. पण प्रबंध मंजूर झाला तरी तालुक्याच्या पातळीवर तो वाचून, प्रश्न विचारून पचवण्याचं काम त्या मानानं झालं नाही. पक्षाचं पुढचं घरंगळणं समजून घेताना हे विसरता येणार नाही.

सत्तरच्या दशकाशी थांबायलाच हवं. पुण्या-मुंबईतल्या तरुणांचा एक गट सुधीर बेडेकर यांच्या पुढाकारानं जमला आणि त्यानं ‘मागोवा’ नावाचं नियतकालिक काढलं. गटही त्याच नावानं ओळखला गेला. यातले बरेच जण इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक होण्याच्या वाटेवरचे. पक्षाच्या शिस्तीबाहेर राहून त्यांना मार्क्स पुन्हा मुळातून वाचायचा होता. तरुण मार्क्सची परात्मतेची चर्चा, ग्रामीण भागातलं भांडवलशाहीचं रूप, कला आणि विचारप्रणाली असे विषय मराठीत या ताकदीनं फार थोड्यांनी हाताळले. ती भाषा जड होती, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खरीच आहे. पण जड विषय मराठीत मांडायचाच, इंग्रजीवर सोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट मला मोलाचा वाटतो.

हा गट खोलीत बसून राहिला नाही. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल आदिवासी गेलेल्या जमिनींसाठी आणि सालदारांच्या वेतनासाठी उठले होते. 1972 मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर यांच्यासारखे कार्यकर्ते इंजिनिअरची वाट सोडून तिथे राहायला गेले. तिथली शिबिरं हा अभ्यासवर्गच होता, फक्त समोर पुस्तक नव्हतं. जमीन कोणाची होती, ती कागदावर दुसऱ्याच्या नावावर कशी चढली, सालदाराला वर्षाकाठी काय मिळतं आणि मालकाच्या घरात काय जातं, हे बसलेल्यांनीच सांगायचं आणि कार्यकर्त्यांनी ते हिशेबात मांडायचं. स्त्रिया बोलायला लागल्या तेव्हा विषय बदलला. त्या दारूबद्दल आणि घरातल्या मारहाणीबद्दल बोलल्या. मग गावोगावच्या बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. नवऱ्याचा मार हा वर्गलढ्याचा विषय आहे का, असा प्रश्न कोणत्याही मांडणीत आधी नव्हता. तो त्या बायकांनी आणला.

पुण्या-मुंबईच्या गटांतल्या स्त्रियांपुढेही तोच प्रश्न होता. एंगल्सचं 1884 चं कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि शासनसंस्था यांच्या उगमावरचं पुस्तक त्यांना अपुरं वाटायला लागलं. 1975 च्या ऑक्टोबरात, आणीबाणी चालू असताना, पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. मुंबईतली स्त्रीमुक्ती संघटनाही त्याच वर्षीची. आजच्या स्त्रीचळवळीची एक मोठी धार या अभ्यासगटांतून निघाली आहे.

जातीच्या प्रश्नानं आणखी मोठा हादरा दिला. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली, 1973 मध्ये तिचा जाहीरनामा आला आणि 1974 मध्ये आंबेडकर की मार्क्स या वादात नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डाव्या अभ्यासवर्गांनी जात ही वरच्या इमल्यातली बाब म्हणून बाजूला ठेवली होती, त्याची किंमत चुकवावी लागली. तसं पाहिलं तर आर. बी. मोरे यांच्यासारखा माणूस आधीच घरात होता: 1927 च्या महाड सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेला आणि नंतर कम्युनिस्ट झालेला. त्यांचं म्हणणं वेळेवर नीट ऐकलं असतं तर पुढची कटुता कमी झाली असती.

जात आणि वर्ग यांची एकत्र मांडणी करण्याचं काम धुळ्याच्या शरद पाटील यांनी अंगावर घेतलं. 1978 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले, आंबेडकर अशी जोड मांडली. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिण्यासाठी त्यांनी संस्कृत आणि पाणिनी यांचा पक्का अभ्यास केला. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण खेड्यापाड्यांतल्या बहुजन तरुणांपुढे ते पाणिनीही मांडत आणि वर्ग-जातीचा संबंधही, आणि समोरचा माणूस हे पेलू शकतो यावर त्यांचा विश्वास होता. हा विश्वास पुष्कळ शहरी गटांपाशी नव्हता.

पुढची कहाणी लवकर संपते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावच मोडलं आणि तिथल्या बैठकीच्या खोल्याही गेल्या. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला तशी मॉस्कोहून येणारी स्वस्त पुस्तकंही थांबली. त्यांतली कितीतरी मराठीत होती. कोल्हापुरात गोविंद पानसरे यांनी मात्र श्रमिक प्रतिष्ठानच्या माध्यमातून व्याख्यानं, चर्चा, छोट्या पुस्तिका हे काम अखेरपर्यंत चालवलं. 16 फेब्रुवारी 2015 ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले.

या सगळ्याचा लिखित पुरावा तुटपुंजा आहे. पक्षांचे ठराव ग्रंथालयांत सापडतात. अभ्यासवर्गांची सायक्लोस्टाइल टिपणं, वह्यांच्या समासात लिहिलेले प्रश्न, शिबिरांची वेळापत्रकं घरोघरच्या माळ्यांवर पडून आहेत आणि ती पिढी आता झपाट्यानं जाते आहे. तुमच्या घरी असे कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. कोणत्या गावच्या, कोणत्या वर्षाच्या आणि कोणाच्या हातच्या वह्या आहेत एवढं वरच्या पानावर लिहा आणि जवळच्या चांगल्या ग्रंथालयाकडे सोपवा.