धंदा आपल्या रक्तात नाही म्हणता? मग ही चकली बघा!



ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारतो, "धंदा सुरू करायला तुम्हाला काय अडवतं?" भांडवल, जागा, मार्केटिंग अशी उत्तरं येतात. पण चहाच्या सुट्टीत कोणीतरी हळूच जवळ येतं आणि म्हणतं, "सर, खरं सांगू का? आपल्या रक्तातच नाही हे."

आज या रक्ताचीच तपासणी करू.

एकच चकली, दोन दर

आमच्या एका बॅचमध्ये दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एक ताई होत्या. आम्ही वहीत हिशोब मांडला. एक किलो भाजणीच्या चकलीला साहित्य, तेल, गॅस आणि पॅकिंग धरून २४० रुपये. त्यांच्या मेहनतीचे १०० रुपये. म्हणजे ३४० रुपयांच्या खाली विकलं तर त्या स्वतःची मजुरी फुकट देतात.

व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाने विचारलं की ताई बिनधास्त ३८० सांगायच्या. ऑर्डर यायची. पण शेजारच्या वहिनींनी दारात उभं राहून विचारलं की तोंडातून निघायचं, "द्या हो, २८० द्या. तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं!"

बाई तीच, चकली तीच, कढई तीच. दर मात्र १०० रुपयांनी खाली. वर्षाला ओळखीत ६० किलो गेली तर ६,००० रुपये गेले. एक चांगलं सीलिंग मशीन आलं असतं त्यात.

आता मला सांगा, दर मागणं ताईंच्या रक्तात नसतं, तर व्हॉट्सॲपवर कुठून आलं? ताईंना दर मागता येतो. समोर कोण उभं आहे यावर त्यांचं वागणं बदलतं.

वहिनींच्या डोळ्यातला आरसा

चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली यावर लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की दुसरी माणसं आपला आरसा असतात. मी समोरच्याला कसा दिसतो याची मी कल्पना करतो. मग तो माझ्याबद्दल काय मत करत असेल याची कल्पना करतो. आणि त्यावरून मला अभिमान तरी वाटतो, नाहीतर लाज.

गंमत बघा, यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी आपल्याच कल्पना आहेत! वहिनींनी "महाग आहे" असं म्हटलंच नव्हतं. ताईंनी ते आधीच मनात ऐकलं आणि दर उतरवून टाकला.

हा आरसा लहानपणापासून घडतो. घरी पाहुण्यांसमोर पैशाचं बोललो की आई डोळे वटारायची. लग्नाच्या बोलणीत "मुलगा काय करतो?" या प्रश्नावर "दुकान आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न, "आणि नोकरी?" असं वीस-पंचवीस वर्षं ऐकल्यावर मागताना जीभ अडखळली तर नवल काय!

पण समाजाचं मतही कायम एका जागी राहत नाही. जुनी म्हण आठवा: उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आपल्या आजी-आजोबांना ती पाठ होती. आज बहुतेक घरात तीच यादी उलटी लावली जाते. यादी एकदा उलटू शकते, तर पुन्हाही उलटू शकते.

दुकानदाराच्या मुलाला काय जास्त मिळतं?

मी रोज दुकानात बसतो, म्हणून सांगतो. दुकानदाराचा दहा वर्षांचा पोरगा गल्ल्याशेजारी बसतो तेव्हा दिवसाला दहा वेळा "नको" ऐकतो. गिऱ्हाईक निघून जातं, बाप शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पोराला कळतं की "नको" म्हणजे अपमान नाही, ती दुकानातली रोजची गोष्ट आहे. उधारीवाला आला की वही कशी उघडायची, गोड बोलून कसं मागायचं, हे तो बघून शिकतो. लोक त्याला "रक्तातच आहे" म्हणतात. त्याच्याकडे असतो तो दहा वर्षांचा सराव.

सराव उशिरा सुरू केला तरी चालतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथे बढतीत डावलल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. तिथे सायकलींचं दुकान होतं. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष पसरतं! नांगर पडून राहिले. तरी ते गिऱ्हाइकाला समजावत राहिले, नांगरात सुधारणा करत राहिले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मग करायचं काय?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की "मला हे जमेल" हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. ती चार ठिकाणं आपण आपल्या धंद्याला लावू.

१. स्वतः करून बघणं. सगळ्यात ताकद यात आहे. सात दिवस रोज एका माणसाला तुमचा दर सांगा. सांगून झाला की गप्प बसा. "पण कमी करू हं" हे शेपूट लावायचं नाही. चार जण नको म्हणाले तरी चालतील. सातपैकी तीन वेळा भवानी झाली की बघा काय वाटतं ते.

२. आपल्यासारख्याला करताना बघणं. अंबानींचे व्हिडिओ बघून उपयोग कमी, कारण ते आपल्यासारखे वाटत नाहीत. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची संघटना, म्हणजे डिक्की, सुरू केली. "आपल्यातलं कोणी हे करत नाही" असं ऐकत वाढलेल्या पोराला आपल्यातलाच कारखानदार समोर दिसणं, यात मोठी गोष्ट आहे. तुमच्या तालुक्यात तुमच्यासारखा एक माणूस शोधा आणि अर्धा दिवस त्याच्या दुकानात बसा.

३. विश्वासाच्या माणसाचा शब्द. प्रत्येकाला प्लॅन सांगत फिरू नका. बचत गटातली एखादी मैत्रीण, बाजारातले एखादे काका, हिशोब कळणारा एक माणूस पुरे.

४. शरीर. दर सांगताना छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. आपण समजतो की हा आपला पिंड नाही. अहो, पहिल्यांदा गाडी चालवतानाही हेच झालं होतं! यावर सोपा उपाय म्हणजे छापील रेटकार्ड. त्या ताईंनी दारात रेटकार्ड लावलं. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "अर्धा किलो द्या." तोंडाने दर सांगायची वेळच आली नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो

सगळंच मनात असतं असं मी म्हणणार नाही. कुणाला घरून एक रुपया मिळत नाही, कुणाला जात बघून दुकानाचा गाळा नाकारला जातो, कुणा ताईला संध्याकाळी सातनंतर बाहेर पडता येत नाही. या अडचणी खऱ्या आहेत, आत्मविश्वासाने भिंत पडत नाही. म्हणून वहीत दोन रकाने करा. एकात बाहेरच्या अडचणी, दुसऱ्यात आतली भीड. भांडवल नाही, हा पहिला रकाना. त्यासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज आहे, बचत गट आहे. उधारी मागायची लाज वाटते, हा दुसरा रकाना. त्याला बँक काही करू शकत नाही, तिथे सरावच लागतो. आपण बऱ्याचदा दुसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात लिहून मोकळे होतो.

आपल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगून ठेवलंय, भीड ही भिकेची बहीण. धंद्यात ही बहीण फार महागात पडते.

तर या आठवड्याचं काम: ज्या तीन ओळखीच्या लोकांना तुम्ही दर कमी लावता, त्यांची नावं वहीत लिहा. पुढे लिहा किती रुपये सोडता आणि वर्षाचे किती होतात. मग पुढच्या ऑर्डरला त्यातल्या एकाला पूर्ण दर सांगा. फक्त एकाला.

पुढच्या व्हिडिओत उधारीच्या वहीवर बोलू. तोपर्यंत रेटकार्ड छापून घ्या!